वेबिल जुळेना

अण्णांच्या शुगरचा तक्ता मी २०२४च्या मार्च, एप्रिल आणि मे असे तीन महिने ठेवला. ब्याण्णव दिवस, ब्याण्णव आकडे, एकही रकाना कोरा नाही. मी सहकारी बँकेत अंतर्गत तपासणीचं काम करते, कोरा रकाना दिसला की मला चैन पडत नाही. रोज सकाळी सातला कराडहून आईचा फोन यायचा, "आज एकशे ब्याऐंशी," आणि मी इकडे पुण्यात चहाचा कप बाजूला सारून तो आकडा एक्सेलमध्ये टाकायचे. मार्चमध्ये दीडशेच्या आसपास असलेली उपाशीपोटीची शुगर मेअखेर एकशे नव्वदला टेकली होती. त्या ठिपक्यांमधून मी एक लाल रेघ ओढली, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी. रंगीत प्रिंट काढली आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती प्रिंट पाहिली, सोबतचा एचबीए१सीचा, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा, ८.१ हा आकडा पाहिला, "मुलगी असावी तर अशी" म्हणाले, आणि अण्णांची शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळ-संध्याकाळ एक मिलिग्रॅमची होती ती दोन-दोनची केली. मला इतकं बरं वाटलं की परत येताना स्टँडवरून पेढे घेतले. आईसाठी. अण्णांना नुसता वास.

तिसऱ्या आठवड्यात अण्णा पडले.

पहाटे तीन-साडेतीनची वेळ. स्वयंपाकघरात ओट्याची कड भुवईला लागली, तीन टाके पडले. दवाखान्यात सहाच्या सुमाराला शुगर तपासली तर २०४. तिथल्या तरुण डॉक्टरने मला फोनवर सांगितलं, शुगर वाढल्यामुळे चक्कर आली असणार. माझी लाल रेघही तेच सांगत होती, त्यामुळे मला ते लगेच पटलं. एवढ्या रात्री अण्णा स्वयंपाकघरात कशाला गेले होते, हे कुणीच विचारलं नाही. पाणी प्यायला उठले असतील, असं आम्ही आपसात ठरवून मोकळे झालो.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एसटीत कंडक्टर होते, २००८ला निवृत्त झाले. चौतीस वर्षं उभ्याने नोकरी, त्यातली निम्मी घाटातली. हातात तिकिटांचा ट्रे, बोटात पंच, खांद्यावर चामड्याची बॅग. संध्याकाळी डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि रोकड जुळली नाही तर घरी सोडत नाहीत, हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की तपासणीच्या खात्यात मी आले ते त्यामुळेच, असं आई म्हणते. आता वय चौऱ्याहत्तर. मधुमेह सोळा वर्षांचा.

पडल्यानंतर बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मधुमेहाच्याच तज्ज्ञ, पन्नाशीच्या बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मी फोल्डर पुढे केलं. त्यांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला, आणि विचारलं, "हे सगळे सकाळचेच आकडे?"

"हो. उपाशीपोटी."

"रात्री दोनला किती असते? जेवणानंतर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्याण्णव आकडे होते खरे, पण ते चोवीस तासांतल्या एकाच मिनिटाचे. बँकेत एखाद्या शाखेची रोकड मी रोज सकाळी दहालाच मोजली असती आणि बाकी दिवसभर तिजोरीकडे पाहिलंच नसतं, तर माझ्या साहेबांनी मला काय म्हटलं असतं?

मग त्यांनी ग्लुकोमीटर मागवला आणि अण्णांना नेहमीसारखी शुगर तपासायला सांगितली. अण्णांनी खिशातला रुमाल काढला, बोट पुसलं, टोचलं. मॅडम म्हणाल्या, हात धुऊन या. बोटाला फळाचा रस, गूळ, काहीही गोड लागलेलं असलं की मशिन तेही मोजतं. हे ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं. एप्रिलमधली ३१२ ही नोंद आम्हा दोघींना आठवली. त्या दिवशी घरात गुळाची ढेप फोडली होती. मी त्या आकड्याला पिवळा रंग देऊन खाली "तपासणे" असं लिहिलं होतं आणि तपासलं काहीच नव्हतं. शिवाय घरच्या मशिनचा आकडा मुळातच सैल असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वरच्या बहुतेक आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे १८२ आणि १९० यांत फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत थांबणाऱ्या बाईला हे पचवायला जड गेलं.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, घरातले सगळे जुने रिपोर्ट घेऊन या, चांगले-वाईट निवडू नका. दोन, चौदा दिवस सेन्सर लावू.

८ जुलैला, सोमवारी, अण्णांच्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला तो लागला. पांढरी चकती, बंद्या रुपयाहून जरा मोठी. लावताना खटकन आवाज झाला तसं अण्णा म्हणाले, "झालं? पंच मारला?" खाली केसासारखी बारीक तार कातडीच्या आत पाच मिलिमीटर जाते. ती रक्तात बुडत नाही, पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर मोजते, त्यामुळे आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. दिवसाला ९६, चौदा दिवसांत १३४४. आम्ही घेतलेल्या प्रकारात रुग्णाला काहीच दिसत नाही. आकडे चकतीतच साठतात आणि दवाखान्यातल्या यंत्रावर उतरवतात. मला आधी हे गैरसोयीचं वाटलं होतं. पण अण्णांना जर आकडा दिसत असता तर त्यांनी नक्की चौदा दिवस शहाण्यासारखं जेवून दाखवलं असतं. तपासनीस येणार हे आधी कळलं की डेपो कसा चकाचक होतो, हे त्यांनीच मला शिकवलंय.

सोबत एक वही ठेवायची होती: काय खाल्लं, किती वाजता, गोळी कधी, झोप कधी. वही आईकडे दिली.

१५ जुलैला, सात दिवसांनी, मॅडमनी अर्धा हिशेब उतरवून पाहिला. मी रजा टाकून गेले होते. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक दिवसाची एक वाकडीतिकडी रेघ, सात रेघा. दिवसा त्या दोनशेच्या वर चढत होत्या, त्यात मला नवल नव्हतं. पण रात्री एक ते तीनच्या दरम्यान सातांपैकी पाच दिवस रेघ सत्तरच्या, म्हणजे कमी साखरेच्या मर्यादेच्या, खाली गेली होती. दोनदा पन्नाशीत. आणि प्रत्येक वेळी तिथून उभी चढून पहाटे दोनशेच्या घरात. तीच माझी सकाळी सातची एकशे नव्वद.

मी काही बोलायच्या आत मॅडमनी पेन टेकवून दोन घळी दाखवल्या. "या दोन मला खोट्या वाटतात." बाकीच्या तीन घळी उतारासारख्या होत्या, दीड-दोन तास हळूहळू खाली सरकत गेलेल्या. या दोन विहिरीसारख्या, सरळ खाली आणि अर्ध्या तासात सरळ वर. "अण्णा, कुठल्या कुशीवर झोपता?" डाव्या. भिंतीकडे तोंड करून, चाळीस वर्षं. सेन्सरवर अंगाचा भार आला की तिथलं पाणी दबतं आणि यंत्राला साखर कमी दिसते, प्रत्यक्षात ती कमी झालेली नसतेच. तेव्हा आता आठवडाभर उजव्या कुशीवर झोपायचं, आणि दोन रात्री तीनच्या सुमाराला बोट टोचून ताळा घ्यायचा. रात्रीची गोळी मात्र त्यांनी त्याच दिवसापासून अर्धी केली. पाचातल्या तीन घळी खऱ्या असतील तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही, असं म्हणाल्या.

मग सहज विचारल्यासारखं, "रात्री उठून काय खाता?"

अण्णांनी छताकडे पाहिलं. आईने पदर नीट केला. शेवटी आईच बोलली. दोन-अडीचला ते घामाघूम होऊन उठतात, हातपाय थरथरतात, आणि स्वयंपाकघरात जाऊन शेंगदाण्याचे दोन-तीन लाडू खातात. गुळाचे. गेले चार-पाच महिने. मी विचारलं, मग वहीत का लिहिलं नाही? "तू रागावशील म्हणून."

तर असा तो फेरा होता. गोळीने रात्री साखर खाली, भीतीने तीन लाडू, लाडवांनी सकाळी एकशे नव्वद, एकशे नव्वदमुळे माझी लाल रेघ, रेघेमुळे मोठी गोळी. आमच्या जुन्या डॉक्टरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्यापुढे कागद मीच ठेवला होता, तोही रंगीत. "सकाळी गाडी डेपोत उभी दिसली," अण्णा गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हणून रात्री घाटात बंद पडली नव्हती असं कसं म्हणायचं?" हे त्यांनी मला मार्चमध्ये सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१७ जुलैला आषाढी एकादशी आली. अण्णा एकादशी मोडत नाहीत. मॅडमनी त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही असं बजावलं होतं. खिचडीबद्दल बजावायचं राहिलं असावं. नंतर उतरवलेल्या रेघेत त्या दिवशी दुपारी बाराला २८७चा सुळका आहे, आमच्या घरात आता त्याला पंढरपूर म्हणतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे साबुदाण्याच्या बाबतीत आकड्यानिशी सिद्ध झालं.

शुक्रवारी रात्री मी कराडला होते. पावणेतीनचा गजर लावला होता, पण त्याआधीच जाग आली. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली. मोबाइलच्या उजेडात अण्णांचा हात हातात घेतला तर तळवा ओला, गार. ते उजव्या कुशीवरच होते. टोचलं: ६३. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, आणि लाडवांच्या डब्यापाशी जाऊ दिलं नाही. पंधरा मिनिटं आम्ही दोघं अंधारात बसून राहिलो. ते मला जुन्या कुंभार्ली घाटातली एक नाइट सांगत होते. पुन्हा टोचलं: ८८. थरथर थांबली होती. "एवढ्यावर भागतं होय," अण्णा म्हणाले, जरा ओशाळून. सकाळी मॅडमना फोन केला. रात्रीची गोळी बंद.

शनिवारी रात्री सव्वातीनला गेले तेव्हा ते झोपेत परत भिंतीकडे वळलेले, डावा दंड अंगाखाली. हात कोरडा, श्वास संथ. टोचलं: १०९. मी वेळ लिहून ठेवली. सोमवारी चकती निघाली आणि पूर्ण हिशेब समोर आला तेव्हा आधी त्या दोन वेळा शोधल्या. शुक्रवारी पावणेतीनला सेन्सर म्हणत होता ५७. बोट ६३ म्हणत होतं, म्हणजे घळ खरी. शनिवारी सव्वातीनला सेन्सर म्हणत होता ५८, आणि बोट १०९. एकसारखे दोन आकडे, एक खरा, एक दंडाखाली दबलेला. बोट टोचलं नसतं तर दोन्ही एकाच रकान्यात गेले असते.

पूर्ण रिपोर्ट एका पानाचा असतो. चौदा दिवसांची चौदा पारदर्शक पानं एकावर एक ठेवून वरून पाहावं तसं चित्र: मधून एक जाड रेघ, तिच्या दोन्ही अंगांना गडद आणि फिके पट्टे. पट्टा अरुंद असेल तर माणूस रोज त्या वेळी तसाच असतो. रुंद असेल तर कधी काय होईल याचा नेम नाही. नंतर वाचलं की ही मांडणी १९८७ सालची आहे, अमेरिकेतल्या रॉजर मॅझी आणि सहकाऱ्यांची. तेव्हा असे सेन्सर नव्हते, बोट टोचून मिळालेले आकडेच ते असे एकावर एक रचत. अण्णांचा पट्टा मध्यरात्रीनंतर कर्ण्यासारखा फाकलेला होता.

आणि वर तीन टक्केवाऱ्या. ७० ते १८० च्या मध्ये ६१ टक्के वेळ, वर ३३ टक्के, खाली ६ टक्के. मला वाटलं ३३ ही काळजीची बाब. मॅडमनी ६ वर गोल केला. २०१९च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार धडधाकट प्रौढ माणसाने ७० टक्क्यांहून जास्त वेळ मधल्या पट्ट्यात असावं. पण वयस्कर, पडण्याचा धोका असलेल्या माणसाला ५० टक्केही पुरतात. त्याच्यासाठी सक्त अट खालच्या बाजूला आहे: सत्तरखाली एक टक्क्याहून कमी. एक टक्का म्हणजे दिवसातली जेमतेम १४ मिनिटं. सहातले दोन टक्के दंडाखाली दबलेले धरून सोडून दिले तरी चार उरतात. रोज जवळजवळ तासभर. म्हणजे ज्या परीक्षेसाठी मी अण्णांचा अभ्यास घेत होते त्यात ते आधीच पास होते, आणि ज्यात नापास होते तो पेपर मी उघडलाच नव्हता.

हा कागद मी भरात येऊन घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड आणि सांगलीच्या एका वैद्याचा पत्ता आला. अण्णा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "माझं वेबिल सगळ्या डेपोच्या फळ्यावर कशाला लावलंस?" मी काढून टाकलं. त्यांना विचारायला हवं होतं, एवढंच.

पण हिशेब अजून जुळत नव्हता. चौदा दिवसांची सरासरी शुगर १६४ निघाली होती. एचबीए१सी ८.१ असेल तर ठरलेल्या सूत्राने सरासरी १८६च्या आसपास यायला हवी. बावीसचा फरक. मॅडम म्हणाल्या, दोन्ही पद्धतींत थोडं इकडेतिकडे होतंच, पण एवढा फरक दिसला की मी रक्त बघते. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. शरीरात लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, म्हाताऱ्या पेशी जास्त उरतात, आणि म्हाताऱ्या पेशीवर साखर जास्त दिवस चिकटत गेलेली असते. आकडा फुगतो. अण्णांचं हिमोग्लोबिन ९.६ निघालं, फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, ९. लोह जवळपास संपलेलं.

तोवर मी रिपोर्टांची पिशवी उपसली होती. आमच्या घरी ती देवघराच्या खालच्या कप्प्यात असते. त्यात एक्सरे, लाइट बिलं, एक जुनी लग्नपत्रिका, सगळं. लॅबच्या कागदांवर शुगर पहिल्या पानावर असते, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन तिसऱ्या. तिसरं पान कुणी उलटलेलंच नव्हतं, घड्या तशाच कडक होत्या. तारखेने लावले: २०२१ला १.१, २०२२ला १.२, २०२४च्या मे महिन्यात १.६. वय धरून हिशेब केला तर मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद ७२ वरून ४५ वर आली होती. पहिले दोन आकडे लॅबच्या मर्यादेत बसणारे. तिसरा ठळक टाइपात छापलेला. ज्या मे महिन्याचा ८.१ घेऊन मी डॉक्टरांकडे गेले होते, त्याच गठ्ठ्यातलं हे तिसरं पान. मूत्रपिंड मंदावलं की ग्लिमेपिराइडचा अंमल शरीरात रेंगाळतो, म्हणून रात्री साखर उतरत राहते.

लोह कुठे चाललंय आणि मूत्रपिंड का बिघडलं, असे आता दोन प्रश्न. मॅडमनी विचारलं, "गुडघ्यांना वगैरे काही गोळ्या?" अण्णा म्हणाले, "नाही." आई काही बोलली नाही. आई काही बोलत नाही तेव्हा काहीतरी असतं, हे मला आता कळायला हवं होतं.

त्या रात्री मी आईची खर्चाची वही मागितली. तिने दिली, हसत. शंभर पानी, वरच्या कोपऱ्यात श्री, डाव्या बाजूला तारीख: दूध, भाजी, गॅस, भिशी, पोतराज २. दोन रुपयेसुद्धा लिहिते ती. आणि दर पाच-सहा दिवसांनी एक ओळ: मेडि. ६०. आता, अण्णांची सगळी औषधं महिन्याची एकदम मीच पुण्याहून पाठवते. मग हे मेडि. कसलं? मी पेन्सिलने मोजलं. जानेवारी ते जून, ३१ वेळा. आदल्या वर्षीच्या वहीत महिन्यातून एखाददुसरी वेळ. वेबिलात नसलेली रोकड आईच्या वहीत होती.

सकाळी अण्णांच्या पुढ्यात वही ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, मग चष्मा काढला. उशीच्या अभ्र्यातून एक पाकीट निघालं, डायक्लोफेनॅक या दुखीच्या गोळ्यांचं, दहातल्या चार उरलेल्या. कोपऱ्यावरचं मेडिकल चिठ्ठीशिवाय देतं. गुडघे इतके दुखायचे की जिना उतरवत नसे. कुणी डॉक्टरने दिलेली नव्हे, म्हणून ती औषध या सदरात मोडत नाही, असा त्यांचा हिशेब. चौतीस वर्षं उभ्याने काढलेल्या माणसाला मी काय बोलणार? माझ्या तक्त्यात उपाशीपोटी शुगर होती, वजन होतं, चाललेली पावलं होती. गुडघ्याचा रकाना नव्हता.

३१ पाकिटं, ३१० गोळ्या. दुर्बिणीने पाहिलं तेव्हा पोटात अल्सर निघाला, हळूहळू झिरपणारा. तिथून रक्त जात होतं, म्हणून लोह कमी, म्हणून एचबीए१सी फुगलेला, म्हणून गोळी वाढवली. तीच दुखीची गोळी मूत्रपिंडाला त्रास देत होती, म्हणून वाढवलेली गोळी अंगात जास्त वेळ राहत होती. एकाच माणसाने दोन खात्यांतून पैसे काढावेत तसं, आणि दोन्हीकडे सही वेगळी.

पुढचं फार लांबवत नाही. दुखीची गोळी बंद, पोटासाठी औषध, लोह. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद, शुगरचंच दुसरं औषध मेटफॉर्मिन निम्मं, आणि मूत्रपिंडानुसार डोस बदलावा न लागणारं लिनाग्लिप्टिन हे तिसरं सुरू. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी, जिला अण्णा ड्रिल म्हणतात. ऑक्टोबरअखेर क्रिएटिनिन १.३ वर आलं. दुसऱ्यांदा सेन्सर लावला, या वेळी उजव्या दंडाला: मध्ये ६८ टक्के, वर ३२ ला थोडं कमी, खाली अर्धा टक्कासुद्धा नाही. एचबीए१सी आला ७.१ आणि मी फोनवरच ओरडले. मॅडम म्हणाल्या, थांबा. लोह सुरू केल्यावर नव्या कोऱ्या पेशींची फौज येते, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, तेव्हा आता हा आकडा उलट्या बाजूला खोटं बोलतोय. तीन महिने याच्याकडे बघू नका. आधी फुगलेला, आता आक्रसलेला. मी तो रकाना करडा करून ठेवला.

तक्ता अजून आहे, पण आता तो कराडला असतो, कागदावर, आणि अण्णा भरतात. रकाने त्यांनीच पाडले: वेळ, शुगर, कुशी, खाणं, गुडघा. गुडघ्याला ते दहापैकी गुण देतात. शेवटी "शिल्लक" असा एक रकाना आहे, त्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गेले तेव्हा सवयीने आईची वही चाळली. मंगळवारी, गॅस आणि कोथिंबिरीच्या मध्ये: मेडि. ४५. मी वही घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे काय?"

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता तिने कोपराने खिडकीतल्या हिरव्या डबीकडे दाखवलं. "बाम आहे. वास घेऊन बघ."

मी वास घेतला.